इनामगावची माणसं आणि आपली मुलं

स्मरणिका समितीच्या कार्यकर्त्यांनी मला विहाराचा इतिहास लिहून द्या म्हणून सांगितले होते. परंतु तो या अंकात माझ्यापेक्षा वडीलधाऱ्या मंडळींनी लिहिलेला आहेच. विहाराला पत्रे कोणी दिले, विटा डोक्यावरून कोणी वाहिल्या, पहिली वंदना कोणाच्या ओट्यावर झाली, हे सर्व त्यांनी डोळ्यांनी बघितले आहे. मी तेव्हा चड्डीत फिरत होतो. त्यामुळे त्यांच्या हक्कात मी शिरत नाही. रविवारच्या वर्गातली एकतीस मुले घेऊन आपण दोन वस्तुसंग्रहालये बघायला गेलो, त्याबद्दल मी लिहितो. हाही इतिहासच आहे, फक्त जरा जुना. तीन हजार वर्षे जुना.

पहिल्यांदा गेलो ते दिवाळीच्या सुट्टीत, स्टेशनजवळ क्वीन्स गार्डनमध्ये. तिथे सरकारची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ साली स्थापन झालेली. तिचेच आदिवासी संग्रहालय आहे. पुण्यात जन्म गेलेल्या पुष्कळांना ते माहीत नाही. मलाही चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हते, आणि मी त्या रस्त्याने सायकलवर पाळीला जात होतो.

आत वारल्यांच्या भिंतीवरची चित्रे, तारपा, बोहाड्याचे मुखवटे, धनुष्यबाण, मासे धरायची बांबूची साधने, दागिने, घरातली भांडी असे पुष्कळ काही मांडलेले आहे. पोरे आधी मुखवट्यांपुढे हसली, मग गप्प झाली. मग आमच्यातला पाचवीतला एक पोरगा, जो वर्गात कधी तोंड उघडत नाही, तो माझा शर्ट ओढून म्हणाला, "काका, ही माणसं कधी मेली?"

मी म्हणालो, "अरे, मेली नाहीत. आहेत ना."

तो म्हणाला, "मग काचेत का ठेवलंय?"

खरे सांगतो, मला झटकन उत्तर आले नाही. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी म्हणाली, "आमच्या वर्गात आहे एक ठाकर. जुन्नरकडची आहे. होस्टेलला राहते. तिच्याकडे मोबाईल पण आहे." सगळी हसली आणि प्रसंग निभावला. परंतु मला तो प्रश्न घरापर्यंत पुरला.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आदिवासींची संख्या एक कोटी पाच लाखांच्या वर आहे. शंभरातली नऊ माणसे. सरकारच्या यादीत राज्यातल्या पंचेचाळीस जमाती आहेत. आपल्याच पुणे जिल्ह्यात आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळ या भागांत महादेव कोळी आणि ठाकर आहेत. आपण खोकल्याला जो हिरडा उगाळून घेतो तो भीमाशंकरच्या डोंगरातून त्यांनी वेचून आणलेला असतो. रायगडकडचे कातकरी घरदार घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. कदाचित या विहाराच्या भिंतीतली वीटही एखाद्या कातकरणीच्या हाताखालून गेलेली असेल. आणि आपली पोरे विचारतात, ही माणसं कधी मेली? दोष पोरांचा नाही. "आदिवासी" शब्दातला "आदि" त्यांना शाळेत शिकवला जातो, "वासी" शिकवायचा राहून जातो. पुस्तकात त्यांचे चित्र येते ते पाने गुंडाळलेल्या आदिमानवाच्या शेजारच्या पानावर. मग लहान डोक्यात दोन्ही चित्रे एक होतात.

ह्यावर मी, वर्ग घेणाऱ्या ताई आणि विहाराच्या महिला मंडळातल्या माई असे तिघे बसलो. ठरवले की पोरांना आता खरोखरच मेलेली माणसे दाखवू. जी हजारो वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात राहत होती. म्हणजे जुने कोणते आणि जिवंत कोणते हा फरक त्यांना आपोआप कळेल. त्यासाठी डेक्कन कॉलेजसारखी जागा दुसरी नाही.

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजविषयी थोडे सांगतो, कारण त्यात आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखी एक गंमत आहे. हे कॉलेज १८२१ साली इंग्रजांनी विश्रामबाग वाड्यात पाठशाळा म्हणून सुरू केले. पैसा कुठला? पेशवे ब्राह्मणांना दरवर्षी जी दक्षिणा वाटत, त्या फंडातला. रमण्यात वाटला जाणारा पैसा शाळेकडे वळला, तरी पहिली कित्येक वर्षे तिथे बसणारे विद्यार्थी त्याच वर्गातले राहिले. आज त्याच संस्थेत मातीखालच्या कुणब्या-कुंभारांचा इतिहास शोधला जातो. १९३९ साली ते पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून नव्याने उघडले. डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी तिथला पुरातत्त्व विभाग उभा केला. त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी नेवासे, जोर्वे, चांडोली, इनामगाव इथे जी खोदकामे केली, त्यातून महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचा पत्ता लागला. त्याआधी आपल्या राज्याचा इतिहास सातवाहन राजांपासून धरायची पद्धत होती.

संग्रहालयात नुसते नेऊन उपयोग नाही, हे क्वीन्स गार्डनला कळले होते. पोरे काचेपुढून अशी जातात जशी आगगाडीतून स्टेशने जातात. म्हणून जाण्याच्या आधीच्या दोन रविवारी आम्ही विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत एक खेळ केला. केशवनगरच्या कुंभारांकडून फुटकी मडकी मागून आणली. त्यांनी पैसे घेतले नाहीत, उलट कशाला पाहिजेत म्हणून चौकशी करून एक पोतेभर दिली. ती खापरे, कोंबडीची हाडे, मूठभर जळके धान्य, एक तुटकी बांगडी, असे सर्व चार थरांत पुरले. मधे वाळू, राख, माती. वर दोऱ्या बांधून चौकोन पाडले. पोरांच्या हातात खुरपी आणि रंगाचे जुने ब्रश दिले आणि सांगितले, या घरात कोण राहत होते ते शोधून काढा. पण जे सापडेल ते कुठल्या थरात सापडले ते वहीत लिहिल्याशिवाय उचलायचे नाही.

तासाभरात मारामारी झाली. एका गटाने बांगडी सापडल्यावरून "राणी राहत होती" असे जाहीर केले. दुसऱ्याने विचारले, "बांगडी तर माझी आजीपण घालते, ती राणी आहे का?" मी मध्ये पडलो नाही. तिसऱ्या गटाने घाईघाईत दोन थर एकत्र उकरले, आणि मग त्यांना धान्य आधीचे की राख आधीची ते सांगताच येईना. ताईंनी त्यांना एवढेच सांगितले की एकदा उकरले की परत पुरता येत नाही. पुरातत्त्वाचा अर्धा धडा तिथेच झाला असे मी समजतो.

पत्र देऊन परवानगी घेतली होती. नोव्हेंबरातल्या एका सकाळी पीएमपीच्या बसने येरवड्याला गेलो. तिथे संशोधन करणारी एक तरुण मुलगी आमच्याबरोबर फिरली. पोरांनी आत गेल्या गेल्या खापरांच्या कपाटाला गराडा घातला. चार दिवसांपूर्वी स्वतःच्या नखात माती गेली होती ना! एरवी ज्या कपाटापुढे कोणी थांबत नाही तिथे आम्ही अर्धा तास होतो. लाल मडकी, त्यावर काळ्या रंगाने काढलेल्या रेघा आणि जाळ्या, काहींना लांब तोटी. ही जोर्वे संस्कृतीची भांडी. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातले गाव, तिथे ती १९५०-५१ च्या खोदकामात ओळखली गेली म्हणून हे नाव. एक पोरगी म्हणाली, "काका, आवाज केल्यावर टण वाजत असणार." तिच्या हातून केशवनगरचे खापर पडून फुटले होते, त्यावरून तिचा हा अंदाज. त्या संशोधक ताई म्हणाल्या, बरोबर, चांगली भाजलेली आहेत, टणक वाजतात.

आता इनामगावाकडे येतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. पुण्यापासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर असेल. १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे तिथे डेक्कन कॉलेजने खोदकाम केले. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली मुख्य माणसे. ढवळीकरांनी मराठीत "महाराष्ट्राची कुळकथा" लिहिली आहे, ती आपल्या विहाराच्या कपाटात असायला पाहिजे. मोठा इंग्रजी अहवाल १९८८ साली निघाला. तो मी डिक्शनरी घेऊन वाचला. अर्धा कळला, पण अर्धाही पुष्कळ आहे.

इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षे, इथे वस्ती होती. एकशे तीसहून अधिक घरे खोदकामात सापडली. कुडाच्या भिंती, वरून मातीचा लेप, सारवलेली जमीन, चूल, धान्याच्या कणग्या ठेवायचे ओटे, जमिनीत खोदलेली बळदे. आमच्याबरोबर आलेल्या माई हे ऐकून म्हणाल्या, "अगं, हे तर माझ्या माहेरचं घर!" माईंचे माहेर बार्शीकडचे. कुडाचे घर त्यांनी स्वतः सारवलेले आहे. मग त्या बोलायला लागल्या आणि ती शिकलेली पोरगी ऐकायला लागली. बळदात धान्य भरताना खाली काय घालायचे, वर काय लिंपायचे, कीड लागू नये म्हणून राख कशी कालवायची. त्या संशोधक ताईंनी चक्क वही काढली. माई कधी शाळेत गेलेल्या नाहीत. त्या दिवशी त्या सगळ्यांत शिकलेल्या होत्या.

ते लोक जव, गहू, मसूर, वाटाणा, हुलगा पिकवत. नदीचे पाणी अडवायला बांध घातला होता आणि चारी काढली होती. म्हणजे पाटाचे पाणी आपल्या जिल्ह्यात इंग्रजांनी आणले असे जे आपण समजतो ते तितकेसे खरे नाही. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळत, हरणे मारत, मासे धरत. गुरांच्या हाडांवर तोडल्याच्या खुणा आहेत, म्हणजे ते गुरांचे मांसही खात होते. हे मी मुद्दाम लिहितो. कारण कोण काय खाते यावरून आजही आपल्या पोरांना शाळेच्या डब्याच्या वेळी ऐकून घ्यावे लागते. तांबे थोडे, बरेचसे काम गारगोटीच्या धारदार पात्यांनी. एका मडक्यावर कोणीतरी बैलगाडी कोरलेली आहे. पोरांना ती सर्वांत आवडली, कारण ती त्यांच्याच हाताची वाटते.

गावाच्या मध्यभागी एक पाच खोल्यांचे घर सापडले. बाकीची घरे एका खोलीची, फार तर दोन. त्या मोठ्या घराला लागून धान्याचे कोठार. विद्वानांचे म्हणणे असे की हे गावच्या प्रमुखाचे घर असावे, आणि लोकांकडून सारा म्हणून आलेले धान्य त्या कोठारात राहत असावे. एक पोरगा म्हणाला, "म्हणजे रेशनचं दुकान!" दुसरा म्हणाला, "आणि दुकानदाराचंच घर मोठं." कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचे काम करणारा यांची घरे मात्र गावाच्या पश्चिम कडेला.

इथे वाचकांच्या मनात जे आले असेल ते पोरांच्याही मनात आले. आमच्या पोरांना गावकूस म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही, ते घरात ऐकलेले असते. आठवीतल्या एका मुलाने सरळ विचारले, "म्हणजे ही माणसं बाहेर ठेवली होती का? यांची जात काय होती?"

माझ्याजवळ उत्तर तयार होते. आपल्या चळवळीत पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाकडे ते तयारच असते. इथले मूळचे लोक आपण, बाहेरून आर्य आले, त्यांनी आपल्याला जिंकले आणि कडेला ढकलले. हे मी कितीतरी सभांत टाळ्या घेत सांगितलेले आहे. तोंड उघडलेही होते. पण दोन रविवारी त्याच पोरांना मी सांगत होतो की थर बघितल्याशिवाय बोलायचे नाही. मग मी त्या संशोधक ताईंकडे बघितले.

त्या म्हणाल्या, "जात इथं दिसत नाही. थोरला-धाकटा दिसतो. भट्टीचा धूर घरात येऊ नये म्हणूनही कुंभार कडेला राहतो. त्याला कोणी शिवत नव्हतं असं सांगणारी एकही वस्तू आम्हाला मिळालेली नाही. पण सगळे सारखे होते असंही मी म्हणणार नाही. ते मोठं घर तुम्ही बघितलंत ना?"

बसमध्ये परत येताना आमच्याच एका कार्यकर्त्या मित्राने मला यावरून बोल लावले. त्याचे म्हणणे, पोरांना आपला इतिहास ठासून सांगायची संधी तू घालवलीस. आमचे त्यावर आजही जमत नाही. तेव्हा माझी बाजू इथे छापून टाकतो.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली "गुलामगिरी"त बळीराजाच्या रयतेची आणि बाहेरून आलेल्यांची गोष्ट मांडली. पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या माणसाने, हाताशी एकही उत्खनन नसताना, ज्यांचा इतिहास लिहिलाच गेला नाही त्यांना इतिहास दिला. ते त्यांचे उपकार कोणी फेडू शकत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्र पूर्वी कोण होते यावरचा आपला ग्रंथ जोतीरावांनाच अर्पण केला. आणि त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी वेदांतले पुरावे एकेक तपासून सांगितले की आर्य नावाचा वंश बाहेरून आला आणि त्याने इथल्यांना जिंकले हा सिद्धांत टिकत नाही. ज्याला गुरू मानले त्याला ग्रंथ अर्पण करायचा आणि त्याच ग्रंथात पुरावा वेगळे सांगतो म्हणून वेगळे लिहायचे! माझ्या मित्राला मी विचारले, हा ग्रंथ आपण मिरवणुकीत नेतो, उघडतो कधी?

आता तर शास्त्र आणखी पुढे गेले आहे. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबीच्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या अनेक समाजांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथल्या वेगवेगळ्या लोकांची मोठी सरमिसळ झाली, आणि त्यानंतर ती थांबत जाऊन लोक आपापल्यातच लग्ने करू लागले. बाहेरून माणसे आलीच नाहीत असे शास्त्र म्हणत नाही. उत्तरेच्या गवताळ प्रदेशातून लोक आले हे २०१९ च्या अभ्यासांतही दिसते. पण कोणाचेच रक्त निव्वळ राहिलेले नाही, तुमचे नाही, माझे नाही, शनिवार पेठेतल्याचेही नाही. इनामगाव नांदत होते तो काळ याच सरमिसळीतला. आणि जात म्हणजे मुळात जातीतच लग्न करण्याची सक्ती, हे बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले होते. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते आणि रक्त तपासायचे यंत्र जगात नव्हते. मला तर यात आपली बाजू कमी झालेली दिसत नाही. उलट ज्यांनी कुंपण घातले त्यांची तारीख सापडू लागली आहे.

असो. पोरांना यातले काही मी त्या दिवशी सांगितले नाही. वहीत "जात : पुरावा नाही" एवढेच त्यांनी लिहिले.

एक गोष्ट मात्र सांगायची की नाही असा आम्हाला प्रश्न होता. इनामगावात अडीचशेहून अधिक दफने सापडली, त्यात लहान मुलांची फार. मूल गेले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवत आणि राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. शेजारी छोटी भांडी. मोठ्या माणसांची पावले घोट्यापाशी तोडून पुरत. माणूस परत चालत येऊ नये, किंवा घर सोडून जाऊ नये, म्हणून असेल असा तर्क आहे. एका माणसाला मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरले होते, आणि त्याची पावले तोडलेली नव्हती. तो गावचा प्रमुख असावा.

मला वाटले पोरे घाबरतील. पावलांचे ऐकून ती जरा घाबरली, खोटे कशाला सांगू. पण लहान मुलांच्या मडक्यांपाशी सगळी शांत उभी राहिली. ताई म्हणाल्या, "आईला वाटलं असेल, लांब नको." यापुढे कोणी काही बोलले नाही. माई लगेच बाहेर जाऊन व्हरांड्यात बसल्या. त्यांचे थोरले मूल १९७२ च्या दुष्काळात गेलेले. हे मला तोपर्यंत माहीत नव्हते.

दुष्काळानेच इनामगाव संपले. इ.स.पू. १००० च्या सुमारास पाऊस कमी होत गेला असे अभ्यासकांचे मत आहे. चौकोनी मोठी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकार आणि मेंढरे वाढली, आणि ७०० च्या आसपास माणसे निघून गेली. या गोल झोपड्या कशा उभ्या केल्या असतील हे समजून घ्यायला ढवळीकरांनी त्याच भागातल्या फासेपारध्यांच्या झोपड्या बघितल्या. इथे मी पोरांना थांबवले आणि म्हणालो, ऐका. ज्या पारध्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली आणून जन्मजात गुन्हेगार ठरवले, ज्यांना तो कायदा १९५२ साली गेल्यावरही पोलीस आधी उचलतात आणि मग चौकशी करतात, त्यांच्या झोपडीवरून तीन हजार वर्षांपूर्वीचे घर समजले. आपल्या चौकातल्या सिग्नलला फुगे विकतात त्यांच्यात पारध्यांचीही पोरे आहेत. आपण त्यांना काय हाक मारतो?

एका पोराने मान खाली घातली. का ते मी विचारले नाही.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. आमचे वडील गिरणीत साच्यावर होते, मी सूतखात्यात. तुटलेला धागा चालत्या रिंगवर बोटाने जोडायचे काम मी एकवीस वर्षे केले. डोळे गेले तरी बोटांना पीळ कळतो. म्हणून त्या अभ्यासकांच्या लिखाणात मी सर्वांत जास्त वेळा वाचले ते धाग्याचे पान. नेवाशाला प्रवरेकाठी (आताचा अहिल्यानगर जिल्हा) एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तीन हजार वर्षांत हाड विरघळते, दोरा कसा राहील? पण तांब्याच्या गंजाने मण्यांच्या आत दोऱ्याचा कण राखून ठेवला. मुंबईला माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत काम केलेले गुलाटी नावाचे तज्ज्ञ होते. मोहेंजोदारोचा कापूस १९२८ साली ज्या दोघांनी अभ्यासला त्यांतले ते एक. त्यांनी तो कण तपासला. रेशीम आणि कापूस एकत्र कातलेला धागा! चांडोलीला घोड नदीकाठीच अशा मण्यांत जवसाच्या रोपाचा धागा निघाला. हे सर्व डेक्कन कॉलेजने १९६१ साली छापले आहे.

रेशमात कापूस घालून पीळ धरणे सोपे नाही. ज्याने कातले आहे त्यालाच ते कळेल. त्या बाईने (बाईच असणार, असे मला वाटते, पण हाही माझा थर न बघता काढलेला निष्कर्ष झाला) मुलाच्या माळेसाठी एवढी खटपट केली. मी पोरांना कापूस वाटला आणि मांडीवर वळून दोरा करायला लावला. एकतीसपैकी चौघांचा दोरा ओढल्यावर टिकला. बाकीचे रागावून म्हणाले, कापूसच खराब आहे. माझा जॉबर हेच म्हणायचा.

घोडकाठ रिकामा झाला त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी तिकडे लुंबिनीत सिद्धार्थ गौतमाचा जन्म झाला, आणि आणखी काही शतकांनी आपल्या जिल्ह्यात भाजे, कार्ले, बेडसे, जुन्नरची लेणी कोरली गेली. जुन्नरच्या शिलालेखांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीचे दान आहे, बांबूचे काम करणाऱ्यांचे, काशाची भांडी घडवणाऱ्यांचे नाव आहे. इनामगावात ज्यांची नावे मिळत नाहीत अशी कष्टकरी माणसे इथे प्रथम आपल्या नावाने दगडावर दिसतात. त्यावर पुढच्या स्मरणिकेत कोणीतरी लिहावे, मी लिहायला बसलो तर हा अंक वेळेवर निघायचा नाही.

परत आल्यावर पोरांनी स्वतःच टूम काढली की आपण आपले संग्रहालय करू. विहाराच्या वाचनालयात खालचा एक कप्पा त्यांना रिकामा करून दिला. माईंनी वरवंटा दिला, पाटा जड म्हणून दिला नाही. कोणाच्या आजोबांचा समता सैनिक दलाचा बिल्ला आला, कोणाच्या घरचा पितळी दिवा, एक फुटका रेडिओ, केशवनगरचे एक चांगले मडके. प्रत्येक वस्तू कोणाच्या घरातून आली आणि कोण वापरत होते ते घरी विचारून वहीत लिहायचे, असा त्यांचाच नियम. त्यापायी पुष्कळ घरांत आजी-आजोबांना प्रथमच कोणी काही विचारले. ज्या ठाकर मुलीकडे मोबाईल आहे तिलाही आमच्या पोरीने बोलावले. तिने हिरडे आणले, आणि चिठ्ठीवर स्वतःच्या अक्षरात गावाचे नाव घातले.

मी वडिलांचा धोटा दिला. लाकूड काळे पडले आहे, एका टोकाचे लोखंड सैल झाले आहे. त्याच्याखाली काय लिहायचे यावर दोन गट पडले आहेत. एक म्हणतो "जुन्या काळातील विणकराचे हत्यार". दुसरा म्हणतो, काका अजून आहेत, जुना काळ कशाला लिहायचा? गेल्या रविवारपर्यंत चिठ्ठी कोरीच होती.